कोयत्याच्या हल्ल्यानंतर सरकारी खर्चाने समुपदेशन: पुण्यातल्या एका दुकानदार कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. अशा गुन्ह्यांनंतर पुण्यात पुन्हा पुन्हा दिसणारे टप्पे, अडथळे आणि वाटा एकत्र करून ते रचले आहे. त्यामुळे यात नावे नाहीत, पोलीस ठाण्याचा उल्लेखही नाही. कायदे, कलमे, दूरध्वनी क्रमांक आणि संस्था मात्र खऱ्या आहेत.

घटना आणि पहिले दहा दिवस

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूचे किराणा दुकान. दुकानदार ४१ वर्षांचा, पत्नी ३६ वर्षांची, मुलगी ९ वर्षांची. रात्री सव्वादहाला शटर अर्धे खाली ओढलेले असताना एकाच दुचाकीवरून तिघे जण आले. एकाने गल्ल्यात हात घातला, दुसऱ्याने पत्नीच्या मानेला कोयता लावला आणि तिसऱ्याने दुकानदाराच्या डाव्या हातावर वार केला. मुलगी आत पोत्यांच्या मागे होती. तिला कोणी हात लावला नाही, पण तिने सगळे पाहिले.

जवळच्या खासगी रुग्णालयाने रक्तस्राव थांबवला आणि टाके घातले. पोलीस केस आहे म्हणून प्रथमोपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. पण पुढचे बिल माफ होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार द्यायचे ते लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सोच्या (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) ठरावीक गुन्ह्यांत. कोयत्याचा वार त्यात बसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी टेंडनच्या (स्नायूबंधाच्या) शस्त्रक्रियेसाठी त्याला ससून या सरकारी रुग्णालयात हलवले.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३०९(६) आणि ३११, आर्म्स ॲक्टचे ४ सह २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७(१)(३) सह १३५ अशी लूट, दुखापत आणि बेकायदा शस्त्र यांची कलमे लागली. आठवड्याभरात तिघेही सापडले. दोघे सज्ञान होते, तिसरा १७ वर्षांचा निघाला. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

एफआयआरमध्ये फिर्यादी आणि जखमी म्हणून फक्त दुकानदाराचे नाव आले. पत्नी साक्षीदार म्हणून नोंदली गेली आणि मुलीचा उल्लेख "घरातील मंडळी" या दोन शब्दांत संपला. त्या रात्री कोणाला यात काही वावगे वाटले नाही.

वॉर्डात निसटलेली संधी

नऊ दिवस तो ससूनला भरती होता. रात्री दचकून उठायचा, शेजारच्या खाटेवरचे स्टीलचे भांडे पडले तरी अंग आक्रसून घ्यायचा. नर्सने झोपेची गोळी लिहून आणली आणि विषय तिथेच थांबला. वास्तविक भरती असतानाच मानसोपचाराची वाट सर्वांत सोपी असते. वॉर्डातल्या डॉक्टरांनी केस पेपरवर मनोविकारशास्त्र विभागासाठी रेफरन्स लिहिला की त्या विभागाचे डॉक्टर खाटेपाशी येऊन पाहतात. वेगळी रांग नाही, वेगळा केस पेपर नाही, आणि मुख्य म्हणजे हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत मानसिक त्रासाची सरकारी नोंद तयार होते. रेफरन्स सहसा मागावा लागतो, कारण हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे लक्ष हातावर असते. वॉर्डाच्या राउंडला एवढेच वाक्य पुरते: "झोप लागत नाही, तेच तेच दिसतं, मानसोपचाराचा रेफरन्स लिहून द्या." डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत असेल तर समाजसेवा अधीक्षकांना गाठावे. सरकारी रुग्णालयात हे पद असते आणि अशा गोष्टींचा पाठपुरावा हेच त्यांचे काम असते.

इथे रेफरन्स मागितला गेला नाही. डिस्चार्ज कार्डावर फक्त हाताची दुखापत, ड्रेसिंगच्या तारखा आणि फिजिओथेरपी एवढेच लिहिले गेले.

"मनोधैर्यमध्ये बसतं का?"

घरी आल्यावर नातेवाईक, सोसायटीचे सचिव, ओळखीचे वकील अशा प्रत्येकाने पहिला सल्ला दिला तो मनोधैर्य योजनेचा. ही योजना राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला हे तिचे मूळ क्षेत्र. अर्थसाहाय्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये, आणि २०१८ पासून अंमलबजावणी विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे. लुटीत जखमी झालेला दुकानदार तीत बसत नाही. चौकशी केल्यावर हेच उत्तर मिळाले आणि घराने निष्कर्ष काढला की आपल्यासाठी सरकारी समुपदेशनही नाही.

पैसे आणि समुपदेशन या दोन वेगळ्या फायली आहेत. समुपदेशनासाठी भरपाई मंजूर झालेली असावी लागत नाही, गुन्हा सिद्ध झालेला असावा लागत नाही, किंबहुना एफआयआरही असावा लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येक व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवेतून मानसिक आरोग्य उपचार मिळण्याचा हक्क देते. त्यात बाई, पुरुष, पीडित, आरोपी असा भेद नाही. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे उपचार मोफत आहेत, हातात बीपीएल कार्ड असो वा नसो. आधी भरपाईचे बघू, मग डॉक्टरांचे, असा क्रम लावला की फटका बसतोच. इथे त्यात सहा आठवडे गेले आणि तेवढ्या काळात रात्रीचे दोन पेग ही दुकानदाराची झोपेची सवय झाली.

पहिला फोन

सातव्या आठवड्यात पत्नीने टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावला. ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास आणि मराठीत. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर ते दुसऱ्या पायरीवरच्या मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी केंद्राकडे पाठवतात. फोन तिने नवऱ्यासाठी लावला होता. दहा मिनिटांनी समुपदेशकाने तिचीच झोप, तिचीच भूक विचारली. हे बहुतेक घरांत असेच होते: जखम ज्याच्या अंगावर दिसते तोच रुग्ण धरला जातो.

फोनवरून थेरपी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ताण उतरवणे, दारू आणि आत्महत्येच्या विचारांची विचारपूस, पुढे कुठे जायचे ते सांगणे आणि काही दिवसांनी पुन्हा बोलणे, एवढे काम ती सेवा चांगले करते. फोन झाल्यावर तारीख, वेळ आणि कुठे जायला सांगितले ते वहीत लिहून ठेवावे. पुढे अर्ज करताना ही नोंद उपयोगी पडते.

ससून, औंध की येरवडा

पुण्यात सरकारी मानसोपचाराची तीन मोठी ठिकाणे आहेत: ससूनचा मनोविकारशास्त्र विभाग, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. औंध आणि येरवडा सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाखाली असल्याने तो निर्णय त्याला लागू होत नाही. तिथे केस पेपरचे नाममात्र शुल्क भरावे लागते. येरवड्याच्या नावाला घाबरून लोक बाह्यरुग्ण विभागातही जात नाहीत. ही भीती अनाठायी आहे, पण दुकानदाराला ती होती आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

या कुटुंबाने ससून निवडले आणि त्यामागचे कारण फुकट-विकतपेक्षा महत्त्वाचे होते. हाताच्या फिजिओथेरपीसाठी त्याला तिथे जावेच लागत होते. दोन्ही भेटी एकाच दिवशी लावून घेतल्या की दुकान एकच दिवस बंद राहते. शिवाय "हात दाखवायला चाललोय" असे शेजाऱ्यांना सांगता येते. सरकारी समुपदेशन मध्येच सुटते ते बहुतेक वेळा प्रवासाच्या आणि बुडणाऱ्या दिवसाच्या पायी. सिंहगड रस्त्याहून पीएमपीच्या बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक, तिथेच मार्गिका बदलून पुणे रेल्वे स्थानक, आणि पुढे ससून चालत. ज्याला दुचाकीचा आवाज मागून आला की घाम फुटतो, त्याच्यासाठी मेट्रो ही चैन नाही.

पहिल्या भेटीत काय मिळाले? गर्दीची ओपीडी, सात-आठ मिनिटे आणि महिनाभराच्या गोळ्या. "समुपदेशन म्हणजे हेच का?" असे म्हणून तो दुसऱ्यांदा जाणार नव्हता. इथे बरेच जण सोडून देतात. मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात आणि औषध देतात. बोलण्याच्या उपचाराची सत्रे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ घेतात आणि त्यांची तारीख वेगळी मिळते. ती आपणहून मागायची असते. दुसऱ्या भेटीला पत्नीने एक कागद नेला. त्यावर हल्ल्याची तारीख, तेव्हापासूनची झोप, दारू, दुकान संध्याकाळी सातलाच बंद करणे आणि मुलीवर विनाकारण ओरडणे, असे सहा ओळींत लिहिले होते. खाली एक विनंती: "सायकॉलॉजिस्टकडे नियमित सत्रांसाठी पाठवावे." डॉक्टरांनी तो कागद केस पेपरला जोडून घेतला. कमी वेळात बोलताना माणूस विसरतो, कागद विसरत नाही.

गोळ्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात डायझेपाम वर्गातल्या झोपेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारस आहे. वॉर्डात मिळालेली गोळी घरी आणून मेडिकलवाल्याकडून परस्पर चालू ठेवणे आणि वर दारू पिणे, हे दुकानदार करत होता. ते पहिल्याच सत्रात सांगितल्यामुळे गोळी हळूहळू उतरवता आली. अशी गोळी एकदम तोडायची नसते.

सत्रांत काय झाले

आघातानंतरच्या त्रासासाठी आघातकेंद्री उपचारांची साधारण आठ ते बारा सत्रे धरली जातात, शक्यतो दर आठवड्याला. सरकारी यंत्रणेत आठवड्याची तारीख मिळेलच असे नाही. इथे दोन ते तीन आठवड्यांचे अंतर पडत गेले आणि दहा सत्रांना जवळपास सहा महिने लागले. मधल्या काळात टेलि-मानसचे फोन आणि घरचा अभ्यास यांवर भिस्त होती.

सुरुवातीला आघातानंतरची लक्षणे मोजणारी, वीस प्रश्नांची पीसीएल-५ ही प्रश्नावली भरून घेतली, नंतर दर काही सत्रांनी पुन्हा. तिची प्रत फायलीत राहील असे पाहावे. "खूप त्रास होतो" यापेक्षा तारखांनिशी भरलेल्या चार प्रश्नावल्या प्राधिकरणापुढे जास्त बोलतात.

मधली चार सत्रे शटरवर गेली. दुपारी बारा वाजता शेजारच्या इस्त्रीवाल्याला सोबत घेऊन शटर अर्धे खाली ओढायचे आणि दोन मिनिटे तसेच उभे राहायचे. भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे आणि ती निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. मग हेच एकट्याने. मग संध्याकाळी सहाला, आठला, शेवटी दहाला. एकदा घाईने त्याने आठवरून थेट दहाची पायरी घेतली. समोरून मोटारसायकल गेली आणि तो शटर उघडेच टाकून घरात पळाला. मानसशास्त्रज्ञांनी त्याला दोन पायऱ्या मागे नेले, एवढेच. घरच्यांनी मात्र "काही उपयोग नाही" असे म्हणायला सुरुवात केली होती. पायऱ्यांचा तक्ता घरातल्या मोठ्या माणसांनाही आधी दाखवून ठेवलेला बरा.

पहिल्याच सत्रात घटनेचा सगळा तपशील पुन्हा वदवून घेण्याचा आग्रह कोणी धरला तर नाही म्हणता येते. तो तपशील कधी आणि किती काढायचा हे ठरवणे हा उपचाराचाच भाग आहे.

पत्नीची वाट वेगळी

तिच्या मानेवर ओरखडाही नव्हता, म्हणून ती कागदोपत्री पीडित नव्हती. कायद्याची व्याख्या मात्र रुंद आहे. नागरिक सुरक्षा संहितेत पीडित म्हणजे आरोपीच्या कृत्यामुळे हानी किंवा इजा झालेली व्यक्ती. आणि "इजा" या शब्दाची न्याय संहितेतली व्याख्या शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता या चारही गोष्टींना होणारा अपाय धरते. मन त्यात आहे. एवढे एक वाक्य घेऊन तपास अधिकाऱ्याकडे गेले की पुरवणी जबाबाचा आग्रह धरता येतो.

पुरवणी जबाब तिने घरीच दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, राहत्या जागीच विचारायला यावे लागते. तीव्र आजार असलेल्या व्यक्तीलाही हीच सवलत आहे. जबाबात तिने कोयता मानेला लावल्याचे, त्यानंतर एकटीने दुकानात बसता येत नसल्याचे आणि उपचार सुरू असल्याचे नोंदवले. जबाब वाचून घेतला आणि "घाबरले" एवढ्याच शब्दात गुंडाळलेली ओळ बदलून घेतली.

समुपदेशनासाठी तिने १८१ ही महिला हेल्पलाइन वापरली. तिथून सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून दिले. हे केंद्र शासनाच्या योजनेतले केंद्र, योजना २०१५ ची. वैद्यकीय मदत, पोलीस मदत, वकील, मानसिक आधार आणि थोड्या दिवसांचा निवारा एका छताखाली, असा तिचा आराखडा. तिथे येणारी बहुतेक प्रकरणे घरगुती छळाची असल्याने पहिला प्रश्न आला, "घरात काही त्रास आहे का?" ती "नाही" म्हणाली आणि बोलणे जवळपास तिथेच संपले. ही योजना घराबाहेरच्या हिंसेलाही लागू आहे. म्हणून सुरुवात अशी करावी: "दुकानात घुसून मला शस्त्राचा धाक दाखवला, एफआयआर झाला आहे, मला मानसिक आधारासाठी भेटायचं आहे." पुणे पोलिसांचा भरोसा सेल आणि पोलिसांसोबत काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष यांच्याकडेही समुपदेशक असतात. पण त्यांचा बराचसा वेळ कौटुंबिक तंट्यांत जातो. आघाताच्या उपचारासाठी तिथून रुग्णालयाचे पत्र मागून घेणे जास्त उपयोगाचे. तिचाही केस पेपर ससूनलाच निघाला.

मुलगी

नऊ वर्षांच्या मुलीने रात्री अंथरूण ओले करायला सुरुवात केली आणि पोत्यांच्या खोलीत जाणे सोडले. घरच्यांनी आधी रागावून पाहिले. ससूनच्या त्याच विभागात तिचा वेगळा केस पेपर काढला. वडिलांच्या सत्रात तिला "बाहेर बसवून" उरकणे हा उपचार नव्हे. तिच्यासाठी चित्रे, गोष्टी आणि आईला शिकवलेल्या दोन-तीन सवयी एवढ्यावर पाच भेटींत पुष्कळ फरक पडला. शाळेला पत्र दिले ते फक्त "कौटुंबिक प्रसंगामुळे उपचार सुरू" इतपतच.

तपास अधिकारी तिचाही जबाब घेऊ इच्छित होते. दोन प्रौढ प्रत्यक्षदर्शी आणि सीसीटीव्ही असताना मुलीला साक्षीदार करण्याची गरज आहे का, असे आईवडिलांनी लेखी विचारले. तिला यादीत घेतले नाही. हे नेहमी जमेल असे नाही, पण विचारायचेच नाही असेही नाही.

भरपाईची फाइल: कुठे अडली

दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ खाली महाराष्ट्राची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ मध्ये आली. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत तेच काम नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६ करते. दुकानदाराने शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज दिला. तो परत आला. कारण बरोबर होते: पीडिताने थेट अर्ज करायची तरतूद, म्हणजे पोटकलम (४), ही आरोपी सापडला किंवा ओळखला गेला नसेल आणि खटलाच उभा राहत नसेल तेव्हाची. इथे आरोपी पकडलेले होते. अशा वेळी न्यायालयाची शिफारस लागते आणि ती बहुधा खटल्याच्या शेवटी येते.

उपयोगी पडले ते पोटकलम (६). पोलीस ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचे किंवा त्या भागातल्या दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असेल तर प्राधिकरण पीडिताला मोफत वैद्यकीय लाभ किंवा योग्य वाटेल ती अंतरिम मदत देण्याचा आदेश करू शकते. मनाचा उपचार हाही वैद्यकीय लाभच, आणि इजेच्या व्याख्येत मन आहे, असा हा युक्तिवाद. अर्ज असा दिला:

"प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय: गु.र.नं. (क्रमांक) मधील पीडितांना मोफत वैद्यकीय लाभ मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३९६(६) अन्वये प्रमाणपत्र मिळणेबाबत. महोदय, वरील गुन्ह्यात मला शारीरिक व मानसिक, तर माझी पत्नी व अल्पवयीन मुलगी यांना मानसिक इजा झाली असून तिघांवर ससून सर्वोपचार रुग्णालयात उपचार सुरू आहेत. केस पेपरच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे यांच्याकडे सादर करण्यासाठी प्रमाणपत्र द्यावे. देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती."

शेवटचे वाक्य गाळू नये. "असं प्रमाणपत्र आम्ही देत नाही" हे तोंडी उत्तर हमखास येते. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. उत्तर आले नाही म्हणून इथे शिक्क्याची प्रत जोडून प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज केला. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात. त्यांच्या कार्यालयाने पोलीस ठाण्याला पत्र पाठवल्यावर प्रमाणपत्र आले. ते आले नसते तर दंडाधिकाऱ्यांकडे तोच अर्ज नेता आला असता.

सोबत जोडले ते एफआयआरची प्रत (पीडिताला ती विनामूल्य मिळते), पत्नीचा पुरवणी जबाब झाल्याचा उल्लेख, डिस्चार्ज कार्ड, तिघांचे केस पेपर, प्रश्नावल्यांच्या प्रती, औषधांची आणि प्रवासाची तारीखवार यादी, आधार आणि बँक पासबुक. जखमेचे प्रमाणपत्र रुग्णालय थेट पोलिसांना देते, ते मिळवण्यात वेळ घालवू नये. सत्रांच्या सविस्तर नोंदी मात्र जोडल्या नाहीत आणि ते योग्यच झाले. निदान, उपचाराचा कालावधी आणि पुढची गरज सांगणारे एक पानी पत्र पुरते. रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे, गोपनीयतेचाही आहे. पण एकदा कागद न्यायालयीन फायलीत गेला की बचाव पक्षाच्या वकिलाच्या नजरेस पडू शकतो. तिथे घरातली भांडणे आणि दारू यांचा तपशील असावा असे कोणालाच वाटणार नाही.

मोफत वकिलाबाबत पत्नीला उत्पन्नाची अट नव्हती, स्त्रियांना ती नसते. दुकानदाराला महाराष्ट्रातली वार्षिक ३ लाखांची मर्यादा आडवी आली. अर्ज तिच्या नावाने पुढे चालवला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेतल्या तक्त्यात पुनर्वसनाची गरज असलेली मानसिक इजा हे शीर्षक स्पष्टपणे आहे. वकिलाने त्याचा आधार घेतला. प्राथमिक चौकशीसाठी प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे.

दोन न्यायालये, एक कुटुंब

१७ वर्षांच्या मुलाचे प्रकरण येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे गेले आणि बाकी दोघांचे शिवाजीनगरला. तारखा वेगळ्या, कागद वेगळे. प्राधिकरणाच्या अर्जात सुरुवातीला एकच केस क्रमांक लिहिल्याने चौकशी अहवालात गोंधळ झाला. दोन्ही क्रमांक पहिल्या परिच्छेदातच द्यावेत.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाची बातमी मात्र या घरी कळली ती चहाच्या टपरीवर. त्या रात्री दुकानदाराची तीन महिन्यांची प्रगती कोसळली. जामीन अर्जाची तारीख आणि निकाल कळवावा असे तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला आरोपपत्राआधीच लेखी देऊन ठेवावे. कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताचे म्हणणे ऐकले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. इथे धमकी आली नाही.

साक्षीचे समन्स आले तेव्हा दहा सत्रे संपून पाच महिने झाले होते. जुना केस पेपर चालतो, नवीन काढायची गरज नसते. समन्सची प्रत दाखवून त्याने साक्षीच्या आधी दोन आणि नंतर एक असे तीन जादा सत्रांचे वेळापत्रक लावून घेतले. मानसशास्त्रज्ञांच्या पत्राच्या आधारे सरकारी वकिलांमार्फत असुरक्षित साक्षीदार म्हणून सोयींची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ जानेवारी २०२२ च्या आदेशाने या वर्गात मानसिक आजार असलेले साक्षीदारही आले आहेत. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा आणि थांबायला वेगळी खोली अशी मागणी होती. खोली मिळाली, पडदा मिळाला नाही.

प्राधिकरणाच्या आदेशाप्रमाणे अंतरिम मदत पत्नीच्या खात्यात आली. औषधे, प्रवास आणि बुडालेल्या दिवसांचा काही भाग तिच्यातून निघाला. अंतिम भरपाईसाठी निकालाच्या वेळी कलम ३९६ खाली शिफारस करावी असा अर्ज सरकारी वकिलांच्या फायलीत आहे, आणि बाल न्याय मंडळापुढच्या प्रकरणात तोच अर्ज वेगळा द्यायचा बाकी आहे.